असईच्या मैदानासाठी प्लास्टिकचे सैनिक: गणवेश आणि शस्त्रे यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा होत्या आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने लढणारा आर्थर वेलस्ली. मराठवाड्यात वॉरगेमिंगचा, म्हणजे लहान पुतळ्यांनी लढाया खेळण्याचा, छंद जोपासणारे बहुतेकजण कधी ना कधी ही लढाई टेबलावर मांडायला घेतात आणि बाजारातले सैनिक या लढाईला जसेच्या तसे बसत नाहीत, ही पहिली अडचण त्यांच्यापुढे उभी राहते. नवख्यांकडून आम्हांला पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ती मुख्यतः असईला धरून असली तरी उदगीर, राक्षसभुवन किंवा खर्डा येथील लढाया मांडणाऱ्यांनाही त्यांचा उपयोग होईल.

पुतळा ऐतिहासिकदृष्ट्या अचूक आहे, असे केव्हा म्हणता येते?

वर्ष, प्रदेश आणि पलटण या तीन गोष्टी ठरल्याशिवाय अचूकतेचा प्रश्नच उद्भवत नाही. ‘नेपोलियनच्या काळातील इंग्रज पायदळ’ असे डब्यावर छापलेले असते, पण त्या काळात, म्हणजे साधारण पंधरा-वीस वर्षांत, टोपी, पाठपिशवी, केसांची ठेवण आणि विजारीचा रंग हे सगळे एकदा तरी बदललेले आहे. वॉटर्लूच्या (१८१५) मैदानावर अगदी बिनचूक ठरणारा सैनिक बारा वर्षे आधीच्या असईत चुकीचा ठरतो, आणि त्याचा दोष कारखानदाराला देता येत नाही. म्हणून संच हातात घेतला की तो चांगला आहे का, हे विचारण्याआधी तो कोणत्या वर्षाचा आहे, हे विचारावे.

वॉटर्लूसाठी काढलेला इंग्रज पायदळाचा संच असईला वापरता येईल का?

थोडी दुरुस्ती करून वापरता येतो. तसाच मात्र वापरू नये. दुरुस्ती कोठे करायची, हे नीट समजावे म्हणून हे उत्तर सविस्तर देत आहोत.

पहिली खूण डोक्यावर सापडते. वॉटर्लूच्या संचांतील सैनिकांच्या टोपीला पुढच्या बाजूने उंच, उभी पाटी असते. ही टोपी १८१२ च्या सुमारास आली. तिच्या आधीची, धुराड्यासारखी सरळ उंच टोपी इंग्रज पायदळाला १८०० मध्ये मंजूर झाली; परंतु भारतातल्या उन्हात गोऱ्या पलटणी बहुधा रुंद काठाची काळी गोल टोपी वापरत. असईसाठी हीच गोल टोपी हवी. जुनी टोपी कटरने भुवयांच्या वर सपाट कापून काढावी, एम-सीलचा (वाळून घट्ट होणाऱ्या लांबीचा) पातळ गोल काठ बसवावा आणि त्यावर बुटका माथा चढवावा. एकदा हात बसला की एका संध्याकाळी एक तुकडी सहज पुरी होते.

दुसरी खूण मानेवर आहे आणि ती जवळजवळ सर्वांच्या नजरेतून सुटते. इंग्रज सैन्यात सैनिकांनी मागे केसांची वेणी बांधावी, असा नियम होता आणि तो १८०८ मध्ये रद्द झाला. वॉटर्लूच्या पुतळ्याच्या मानेवर साहजिकच वेणी नसते. १८०३ च्या सैनिकाला ती हवी. एम-सीलची गव्हाच्या दाण्याहून बारीक वळी करून कॉलरच्या वर चिकटवली आणि वाळल्यावर काळ्या फितीसाठी मध्ये रंगाचा एक ठिपका दिला की काम होते. आमच्या मते एवढ्या एका बदलाने पुतळा दहा वर्षे मागे जातो.

तिसरी खूण पाठीवरची. कडक, चौकोनी पाठपिशवी १८०५ च्या सुमारास प्रचारात आली. शिवाय असईला वेलस्लीच्या तुकड्या सामानसुमान मागे ठेवून, मोठी मजल मारून थेट रणात उतरल्या होत्या. त्यामुळे पिशवी काढून टाकणे हेच दोन्ही अर्थांनी योग्य. काडतुसांची पेटी, संगिनीचे म्यान आणि छातीवर फुलीसारखे येणारे दोन पट्टे मात्र ठेवावेत.

हायलँडर पलटणींना चौकटीचा घागरा दाखवावा का?

असईत ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगरी भागातल्या, पलटणी होत्या. त्यांपैकी ७४ वी पलटण भारतात घागरा घालत नसे. तिच्या सैनिकांना पांढऱ्या विजारी आणि गोल टोपी द्यावी. असई गावाच्या तोंडावर तोफांच्या माऱ्यात जिची दाणादाण उडाली ती हीच पलटण असल्याने तिचे पुतळे प्रेक्षकांच्या नजरेसमोर सर्वांत जास्त वेळ राहतात. म्हणून तिच्यापासून सुरुवात करावी.

कंपनीचे शिपाई कसे दाखवावेत?

वेलस्लीच्या हाताखालच्या पायदळात गोऱ्या पलटणी दोन आणि मद्रासच्या शिपायांच्या पलटणी पाच होत्या. घोडदळातही गोरी रेजिमेंट एकच, १९ वी लाइट ड्रॅगून (हलके घोडदळ). उरलेल्या तीन मद्रासच्या. टेबलावर मात्र नेमके उलटे प्रमाण दिसते, कारण गोऱ्या सैनिकांचे संच सहज मिळतात आणि शिपायांचे मिळत नाहीत. ही चूक गणवेशाच्या कोणत्याही चुकीपेक्षा मोठी आहे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

मद्रासच्या शिपायाच्या अंगात आखूड तांबडा डगला, त्याखाली मांडीपर्यंतचा पांढरा जांघ्या, गुडघे आणि पोटऱ्या उघड्या, पायात वहाणा, आणि डोक्यावर पगडीच्या घाटाची ताठ निळी टोपी असे. युरोपियन पायदळाच्या पुतळ्यावरून हा शिपाई घडवायचा असेल तर विजारीचा खालचा भाग पायाच्या आकारापर्यंत तासून काढावा लागतो. हे काम किचकट आहे, पण टाळू नये. पाय न तासता नुसते तपकिरी रंगवले तर विजारीच्या चुण्या रंगाखालून दिसत राहतात आणि सगळा पुतळा खोटा वाटू लागतो.

शिंद्यांच्या पायदळाला काय घालावे? अंगरखा आणि मुंडासे पुरेसे नाही का?

नाही. या पानावरचे सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे, असे आम्ही मानतो.

असईत शिंद्यांच्या बाजूने उभे असलेले सुमारे दहा हजारांचे कवायती पायदळ हे महादजी शिंद्यांनी द ब्वान्य या युरोपियन सेनानीकरवी १७८४ नंतर उभारलेल्या कंपूंच्या (कवायती पलटणींच्या मोठ्या तुकड्यांच्या) परंपरेतले होते. त्या दिवशी त्यांची सूत्रे अँटनी पोलमन या हॅनोव्हरच्या माणसाकडे होती आणि त्यांच्या रांगेत सरधन्याची जहागीरदार बेगम समरू हिच्या पलटणीही होत्या. हे लोक रांगा धरून उभे राहत, हुकमावर बार काढत, संगिनी लावून चालून जात, आणि शत्रू नदी उतरून बगलेवर आल्याचे दिसताच त्यांनी आपली सगळी आघाडी वळवून त्याच्यासमोर उभी केली. तोंडावर आलेल्या शत्रूदेखत आघाडी वळवणे हे कोणत्याही युरोपियन सैन्यालाही सोपे नव्हते. अशा पायदळाच्या जागी ढाल-तलवारी घेऊन धावणाऱ्या माणसांचा विस्कळीत घोळका ठेवला की लढाईचा अर्थच पालटतो.

द ब्वान्यच्या कवायतीच्या तेलंगी पलटणींना (युरोपियन पद्धतीने शिकवलेल्या हिंदी शिपायांना) कंपनीच्या शिपायांच्या धर्तीचा तांबडा डगला आणि निळी पगडी असे, पट्टे काळ्या चामड्याचे असत. त्यामुळे दोन्ही बाजूंचे शिपाई दुरून सारखे दिसतात. आणि तसेच ते दिसायला हवेत. ओळख पटण्यासाठी पट्ट्यांचा रंग, निशाणे आणि पगडीची बांधणी यांवर भर द्यावा. पगड्या एकाच साच्यातल्या वाटू नयेत म्हणून दर चार-पाच पुतळ्यांमागे एकाच्या पगडीचा पीळ थोडा बदलावा.

गोऱ्या अधिकाऱ्यांविषयी एक सावधगिरीची सूचना. युद्ध सुरू होताना कंपनी सरकारने शिंद्यांच्या नोकरीतील इंग्रज अधिकाऱ्यांना नोकरी सोडून येण्याचे आवाहन केले आणि अनेकजण निघून गेले. म्हणून प्रत्येक तुकडीपुढे गोरा कप्तान उभा करू नये. बहुतेक तुकड्यांपुढे सुभेदार आणि जमादार असावेत.

मराठी घोडदळासाठी कोणता संच घ्यावा?

नेमका संच शोधत बसण्यापेक्षा घोड्याकडे आधी पाहावे. युरोपियन घोडदळाच्या संचांतील घोडे उंच, जड हाडाचे आणि पुष्कळदा शेपूट आखूड छाटलेले असतात. मराठी स्वाराचा घोडा भीमथडीच्या जातीचा, अंगाने लहान, काटक आणि पूर्ण शेपटीचा असतो. आशियाई, अरबी किंवा तुर्की म्हणून विकल्या जाणाऱ्या हलक्या घोड्यांवर आपले स्वार बसवले की अर्धे काम झाले. खोगीर गादीसारखे जाड दाखवावे. युरोपियन पद्धतीचे पिस्तुलांचे चामडी खण तासून टाकावेत.

स्वारांत सरकारी घोड्यावरचा बारगीर आणि स्वतःचा घोडा बाळगणारा शिलेदार असा भेद होता, आणि दोघांनाही गणवेश नव्हता. येथे मात्र विविधता हीच अचूकता. पांढरा आणि मळकट पांढरा हे रंग अधिक वापरावेत; तांबडे, पिवळे, हिरवे पागोटे अधूनमधून. गडद निळे-जांभळे चकचकीत रंग सगळ्या तुकडीला देण्याचा मोह आवरावा. भाला संचातला वापरू नये, कारण तो आखूड आणि जाड असतो. बांबूच्या दांड्याचा तीन मीटरचा भाला १/७२ प्रमाणात (मूळ आकाराच्या बहात्तराव्या भागात) सुमारे ४२ मिलिमीटर होतो. नायलॉनच्या झाडूचा एक ताठ केस तेवढ्या लांबीला कापून बसवला तर तो वाकत नाही आणि खराही दिसतो.

तोड्याची बंदूक, चकमकीची बंदूक आणि टोपीची बंदूक यांत पुतळ्यावर फरक कसा ओळखावा?

भिंग घेऊन उजव्या बाजूचा चाप पाहावा. तोड्याच्या बंदुकीवर जळती जामगी धरणारा, सापाच्या फण्यासारखा वाकलेला एक बारीक दांडा असतो आणि दस्ता बहुधा सरळ, अरुंद असतो. चकमकीच्या बंदुकीवर गार धरलेला घोडा असतो आणि त्याच्यासमोर रंजकाच्या पाळीवर उभी केलेली पोलादी पट्टी असते, म्हणजे चापावर दोन उंचवटे दिसतात. टोपीच्या, म्हणजे धातूची छोटी स्फोटक टोपी बसवून उडवायच्या, बंदुकीवर घोड्याचा एकच उंचवटा असतो. ती एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकापासून सैन्यात रुळली, म्हणून १८५७ च्या शिपायांचा संच असईला वापरताना चाप बदलावा लागतो. पोलादी पट्टीच्या जागी एम-सीलचा कण ठेवला तरी पुरते.

असईच्या दोन्ही बाजूंच्या कवायती पायदळाच्या हाती चकमकीची बंदूक आणि संगीन होती. इंग्रजांनी १७९७ मध्ये आपल्या सैन्यासाठी स्वीकारलेली बंदूक मुळात कंपनीच्या नमुन्याची होती; तिची नळी ३९ इंचांची, म्हणजे सुमारे ९९ सेंटिमीटर, आणि एकूण लांबी सुमारे १४० सेंटिमीटर. १/७२ प्रमाणात ती १९ ते २० मिलिमीटर भरते आणि १७ इंची संगीन ६ मिलिमीटर. पट्टी लावून मोजावे. कित्येक संचांत बंदूक १६ मिलिमीटरच्या आतच संपते आणि सैनिकाच्या हातात कार्बाइन (घोडदळाची आखूड बंदूक) असल्यासारखे दिसते.

तोड्याची बंदूक अनियमित पायदळाला, किल्ल्यांच्या शिबंदीला आणि गावगढ्यांच्या राखणदारांना द्यावी. असई गावाच्या मातीच्या भिंतींआड ती योग्य दिसेल.

प्लास्टिकच्या सैनिकांची शस्त्रे इतकी जाड का असतात?

वितळलेले प्लास्टिक साच्याच्या अरुंद फटीत पूर्ण पोहोचले पाहिजे आणि पुतळा साच्यातून न अडकता निघाला पाहिजे, या दोन कारणांमुळे. दोन फाळ्यांच्या साच्यात आडवे-तिडवे अवयव काढता येत नाहीत. म्हणून तलवार शरीराच्या पातळीत येते, बंदूक छातीला चिकटते आणि दोहोंमधली जागा भरीव राहते. एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीने १९५९ पासून काढलेल्या लहान सैनिकांपासून हेच चालत आले आहे. २८ मिलिमीटर उंचीच्या, कडक प्लास्टिकच्या सैनिकांच्या संचांत हात-डोकी सुटी असल्याने हा दोष कमी झाला आहे, पण तेथे हात आणि डोके मुद्दाम मोठे केलेले असते, त्यामुळे बंदूकही तितकीच फुगते. जाडी आम्ही सोसतो. लांबी चुकीची असेल तर सोसत नाही.

दौलताबादची मेंढा तोप मैदानात ठेवता येईल का?

ठेवू नये. मेंढ्याचे तोंड असलेली ती देखणी तोप किल्ल्यावर एका जागी बसवण्यासाठी आहे. असईतल्या शिंद्यांच्या तोफा वेगळ्या घराण्यातल्या होत्या. शिंद्यांच्या कारखान्यांत युरोपियन कारागिरांच्या देखरेखीखाली ओतलेल्या, चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या, बैलांनी ओढल्या जाणाऱ्या त्या मैदानी तोफा होत्या आणि नळीची उंची कमीजास्त करण्यासाठी त्यांना स्क्रू असे. इंग्रजांच्या हाती त्या दिवशी अठ्ठ्याण्णव तोफा पडल्या आणि त्यांच्या घडणीची त्यांनी प्रशंसा केली. म्हणून युरोपियन मैदानी तोफेचा चांगला प्लास्टिक संच येथे निर्धास्त वापरावा आणि पुढे बैलजोड्या जुंपाव्यात.

गोलंदाजांविषयी थोडे अधिक. शत्रू अंगावर येईपर्यंत ते तोफांपाशी उभे राहिले. काहींनी मेल्याचे सोंग घेतले आणि गोरे पुढे निघून जाताच उठून तोफा उलट्या फिरवून त्यांच्या पाठीवर डागल्या. कंपनीच्या बाजूचे सुमारे सोळाशे लोक ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले, त्यांतला मोठा वाटा या तोफांचा होता. तोफखान्याच्या पुतळ्यांत काहीजण जमिनीवर पडलेले, काहीजण गुडघ्यावर उठत असलेले अवश्य दाखवावेत.

शिवकालीन मावळ्यांचे पुतळे १८०३ साठी चालतील का?

स्वारांत आणि शिबंदीत अधूनमधून चालतील, कारण धोप, कट्यार, ढाल ही शस्त्रे घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहत. पण सरसकट दांडपट्टे, वाघनखे आणि चिलखते दाखवणे म्हणजे सव्वाशे वर्षांचा फरक पुसून टाकणे होय.

उदगीरच्या लढाईत इब्राहिमखान गारद्याच्या लोकांना तेच तांबडे डगले द्यावेत का?

उदगीरची लढाई १७६० च्या फेब्रुवारीतली आहे आणि शिंद्यांचे कंपू त्यानंतर चोवीस-पंचवीस वर्षांनी उभे राहिले. गारदी हे फ्रेंच धर्तीवर तयार झालेले कवायती पायदळ. त्यांना चकमकीच्या बंदुका द्याव्यात आणि असईचे पुतळे त्यांच्या रांगेत मिसळू नयेत. खर्ड्याच्या, म्हणजे मार्च १७९५ च्या लढाईत मात्र शिंद्यांच्या कवायती पलटणी होत्याच, त्यामुळे तेथे तेच पुतळे निर्वेधपणे वापरता येतात.

१९४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामासाठी दुसऱ्या महायुद्धाचे संच चालतील का?

होय. सप्टेंबर १९४८ मध्ये सोलापूरच्या बाजूने नळदुर्गाकडे सरकलेल्या भारतीय सैन्याची ली-एनफिल्ड रायफल आणि ब्रेनगन महायुद्धातलीच होती. ब्रह्मदेशाच्या आघाडीचे संच आफ्रिकेच्या वाळवंटातल्या संचांपेक्षा जवळचे पडतात. रझाकारांसाठी एकसारखा संच शोधू नये.

तांबडा रंग नेमका कोणता?

इंग्रज अधिकाऱ्याचा डगला किरमिजाच्या रंगातला, झळझळीत. साध्या सैनिकाचा मंजिष्ठाचा, विटेकडे झुकणारा. दोघांना एकच रंग दिला तर अधिकारी ओळखू येत नाही. पावसाळाभर कूच केलेल्या फौजेचे कापड विटलेले असणार, म्हणून विटकरी रंगात थोडा बदामी मिसळून खांद्यांवर हलकी पुटे द्यावीत. पायापासून गुडघ्यापर्यंत धुळीचा हात असावा आणि ती धूळ आपल्याकडच्या काळ्या जमिनीची, राखाडी-तपकिरी असावी. संचाच्या डब्यावरच्या चित्रातली पिवळी वाळू येथे नको.

मऊ प्लास्टिकवरचा रंग पोपडे धरून उडतो, ही तक्रार नेहमीची. पुतळे भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवावेत, पूर्ण वाळवावेत, प्रायमर द्यावा आणि शेवटी संगिनींवर पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा एक हात द्यावा.

तळपट्टीवर काय घालावे?

शेतातली काळी माती उन्हात वाळवून, चहाच्या गाळणीतून चाळून फेव्हिकॉलवर भुरभुरावी. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा असल्याने जमीन भेगाळलेली नसावी आणि गवत हिरवे असावे. नद्यांचे काठ उंच, मातीचे आणि पाण्याने कापलेले दाखवावेत. पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे केळनेच्या दोन काठांवर समोरासमोर ठेवावीत. मध्ये उतार असणारच, हा वेलस्लीचा अंदाज त्यांच्याकडे पाहूनच बांधलेला होता.

एकही पैसा जास्त खर्च न करता सुरुवात कोठून करावी?

जवळ असलेल्या संचातला एकच सैनिक घ्यावा. त्याची टोपी, मान, पाठ, चाप आणि पाय याच क्रमाने तपासावेत आणि वर सांगितल्याप्रमाणे दुरुस्त करावेत. तो मनासारखा झाला की मगच उरलेल्या तुकडीला हात घालावा, आणि पहिली तुकडी शिंद्यांच्या तेलंगी पलटणीची करावी. गोऱ्या पलटणी नंतर केव्हाही होतात.